ऑगस्टमध्ये अथेन्स ते सँटोरिनी, शिडाच्या बोटीने, दोघंच: जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्याचे नवरा-बायको. तुमच्याकडे आरवायएचं (ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचं) डे स्किपरचं, म्हणजे दिवसा छोटी बोट चालवण्याचं, प्रात्यक्षिक प्रमाणपत्र आहे, अलीकडेच काढलेलं. वहिनींना पोहता येतं, पाण्याची भीती नाही, पण शिडाच्या बोटीवर त्या फारशा गेलेल्या नाहीत. १५ ऑगस्टला जोडून आठवडाभर रजा मिळतेय. अथेन्सला बोट भाड्याने घ्यायची, मिकोनोस, पारोस, सँटोरिनी करायचं आणि परत अथेन्सला सोडायची. कंपनीने ३६ फुटीच्या भावात ४२ फुटी बोट देऊ केली आहे. मार्ग बरोबर आहे का, मोठी बोट घ्यावी का आणि स्किपरशिवाय, म्हणजे पगारी कप्तानाशिवाय, चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तरं देऊन टाकतो. हा मार्ग या महिन्यात नको. मोठी बोट फुकट दिली तरी नको. स्किपर आठवडाभर लागणार नाही, पण पहिले दोन दिवस जरूर घ्या. बाकीचं सगळं 'का' याचं आहे, आणि ते लांबेल. मी हिवाळ्यात मुंबईच्या खाडीत शिकवतो आणि उन्हाळ्यात ग्रीसमध्ये बोटी चालवतो. दोनच माणसांच्या बोटी बऱ्याच पाहिल्यात, त्यावरून लिहितोय.

तुम्ही मार्गाबद्दल विचारलंत, पण खरी अडचण मार्गाची नाही. दोघांची बोट प्रत्यक्षात बहुतेक वेळ एकट्याचीच असते. एक जण खाली चहा टाकत असतो, झोपलेला असतो, नाहीतर बादली मांडीवर घेऊन बसलेला असतो. कंपनीच्या कागदावर 'क्रू : २' असं असलं तरी सुकाणूवर हात एकाचाच. म्हणून जोडप्यांना मार्ग आखून देताना मी एकच गोष्ट बघतो: दोघांपैकी ज्याला कमी येतं त्या माणसाला, दुसरा आडवा पडलेला असताना, ही बोट जवळच्या सुरक्षित जागी नेऊन उभी करता येईल का? उत्तर 'हो' असेल तिथपर्यंतच जायचं. तुमच्या बाबतीत याचा अर्थ सहल वहिनींना झेपेल अशी आखायची, तुम्हाला झेपेल अशी नाही.

आता तुमच्या मार्गाचा हिशोब मांडू. अथेन्सच्या आलिमोस मरीनापासून (मरीना म्हणजे अशा बोटी ठेवायचं बंदर) सँटोरिनी सरळ रेषेत सव्वाशे सागरी मैलांच्या आसपास आहे. ३६ फुटी बोट दिवसभराच्या सरासरीने ताशी ५ ते ६ मैल चालते, त्याहून जास्त धरू नका. चार्टरचा, म्हणजे भाड्याच्या बोटीचा, आठवडा शनिवारी संध्याकाळी सुरू होतो. शनिवारी सकाळी बोट रिकामी करायची असली, तरी मरीनात ती शुक्रवारी संध्याकाळीच परत हवी असते. म्हणजे हातात सहा दिवस. जाऊन-येऊन अडीचशे मैल, मिकोनोसचा वळसा वेगळा. रोज ४२ मैल म्हणजे रोज आठ तास, सहाही दिवस, एकही दिवस न थांबता. पोहणं, गावात फिरणं, दुपारची झोप यातलं काही राहत नाही. आणि यात वारा अजून धरलेलाच नाही.

एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून जो वारा वाहतो त्याला मेल्टेमी म्हणतात. जूनमध्ये त्याची चाहूल लागते, जुलै-ऑगस्टमध्ये तो भरात असतो आणि सप्टेंबर सरता सरता उतरतो. बाल्कनच्या बाजूला हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानवर कमी, या फरकातून तो जन्मतो. तुर्कस्तानवरचा तो कमी दाब आपल्या मोसमी पावसाच्या कमी दाबाच्या पट्ट्याचंच पश्चिमेकडचं टोक असतो. आपल्याकडे मान्सून जोरात असतो ते दिवस आणि तिथे मेल्टेमीच्या जोराचे दिवस एकच, हा निव्वळ योगायोग नाही. १५ ऑगस्ट निवडलात म्हणजे नेमका मधला काळ निवडलात. त्यातून १५ ऑगस्ट हा ग्रीसचाही मोठा सण, मेरीमातेचा. सगळा देश बेटांवर लोटलेला असतो. संध्याकाळी चारनंतर बंदरात शिरणाऱ्याला जागा मिळणं मुश्कील.

मेल्टेमीची पंचाईत अशी की आकाश सांगत नाही. ढग नाही, पाऊस नाही, निळंशार ऊन, आणि वारा त्याच्या जोराच्या बोफोर्ट मापात ५-६, मधूनच ७. आकड्यांत सांगायचं तर ५ म्हणजे १७ ते २१ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), ६ म्हणजे २२ ते २७, ७ म्हणजे २८ ते ३३. एकदा बसला की दोन-तीन दिवस बसतो, कधी आठवडाही. सायक्लेड्स बेटं (तुमच्या यादीतली तिन्ही त्यातलीच) त्याच्या थेट वाटेवर आहेत. अँड्रोस आणि एव्हिया यांच्यामधली खिंड, तिनोस-मिकोनोसमधला पट्टा, अशा जागी दोन डोंगरांमध्ये सापडून तो आणखी चढतो. नवख्या माणसाला वाटतं, बेटाच्या दक्षिणेला गेलं की आडोसा मिळेल. लाटांपासून मिळतो. वारा मात्र डोंगर उतरून झोतांनी खाली येतो, आणि हे झोत कधी कधी उघड्या समुद्रातल्या वाऱ्यापेक्षा जोरदार असतात. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये हे नीट दिसत नाही. अ‍ॅपचं गणित समुद्राचे मोठे चौकोन पाडून केलेलं असतं, बेटांमधल्या चिंचोळ्या जागा त्यात विरून जातात. म्हणून खिंडीसाठी अ‍ॅपवरच्या आकड्यात मी मनानेच एक बोफोर्ट मिळवतो.

जाताना हे काहीच जाणवत नाही, इथेच माणूस फसतो. वारा पाठीवर, बोट सात-आठ मैलांनी पळतेय, फोटो झकास येताहेत. बुधवारी सँटोरिनी. गुरुवारी सकाळी बोटीचं नाक उत्तरेला वळवलं की त्याच वाऱ्याचा दुसरा चेहरा दिसतो. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची बोट सरळ जात नाही, नागमोडी जावं लागतं. सव्वाशे मैलांचे पावणेदोनशे होतात, लाटा आखूड आणि उभ्या, आणि बोट प्रत्यक्ष पुढे सरकते ती ताशी तीन मैलांनी. इंजिनवर गेलात तरी प्रत्येक लाटेला बोट जागच्या जागी थांबते. शुक्रवारी संध्याकाळी मरीनात पोचायचंय, रविवारचं विमान आहे, आणि बाहेर ७ बोफोर्ट. या अवस्थेत लोक निघू नये तेव्हा निघतात. समुद्रावरचे वाईट निर्णय बहुतेक घड्याळामुळे होतात. कोणी बोट पारोसला सोडून फेरीने परत येतो आणि बोट आणवण्याचा खर्च भरतो, ते त्यातल्या त्यात शहाणपणाचं.

सँटोरिनीबद्दल आणखी एक. ज्वालामुखीच्या त्या प्रसिद्ध खोऱ्यात तुम्हाला नांगर टाकून राहायचं असणार. पण तिथला तळ किनाऱ्यापासूनच शेकडो मीटर खोल जातो, बहुतेक ठिकाणी नांगर पोचतच नाही. दक्षिणेला व्लिखाडा नावाची छोटी मरीना आहे, तिच्या तोंडाशी वाळू साचते आणि आत गर्दी. सँटोरिनी फेरीने करा, दोन दिवस हॉटेलात राहा, कड्यावरून खोरं बघा. ते दृश्य वरूनच चांगलं दिसतं.

मग जायचं कुठे? हे तुमच्या तारखा किती हलतात यावर आहे.

तारखा हलत नसतील तर एजियन सोडा आणि ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात जा. लेफकाडाहून बोट घ्यायची. मेगानिसी, कालामोस, कास्तोस, इथाका, केफालोनियाचं फिस्कार्दो ही सगळी बेटं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर, बरेचसे टप्पे दहा-पंधरा मैलांचे. इथला उन्हाळी वारा वायव्येचा. सकाळी पाणी तेलासारखं, दुपारी वारा उठतो, साधारण ३-४, एखाद्या दिवशी ५, आणि सूर्य कलला की बसतो. सकाळी पोहा, दुपारी शीड उघडा, पाचच्या आत बंदरात. शिकाऊ जोडप्यासाठी याहून सोयीचा समुद्र मला माहीत नाही. गर्दी इथेही असेल, ऑगस्ट आहे. अथेन्सहून लेफकाडा बसने पाचेक तास, नाहीतर प्रेवेझाला छोटा विमानतळ आहे.

इथे 'फ्लोटिला' नावाचा प्रकार मिळतो, तुमच्यासाठी मला तो फार योग्य वाटतो. दहा-बारा बोटी एकत्र निघतात, प्रत्येक कुटुंब आपली बोट स्वतः चालवतं, पण सोबत एक म्होरकी बोट असते. तिच्यावर अनुभवी स्किपर आणि मेकॅनिक. रोज सकाळी ते हवामान आणि दिवसाचा टप्पा सांगतात, संध्याकाळी धक्क्यावर उभं राहून तुमचे दोर घेतात. दिवसभर एकांत, संध्याकाळी आधार. काहींना यात कमीपणा वाटतो. मला नाही वाटत.

तारखा हलत असतील तर सप्टेंबरच्या मध्यावर या. गणपती कधी आहेत ते बघून ठरवा. तेव्हा समुद्र उन्हाने मुरलेला, चोवीस-पंचवीस अंशांचा, धक्क्यांवर जागा आणि मेल्टेमी उतरणीला. तो महिना अगदी निर्धोक असतो असं नाही. १७-१८ सप्टेंबर २०२० ला 'इयानोस' वादळाने आयोनियनलाच झोडपलं होतं. पण अशी वादळं दोन-तीन दिवस आधी नकाशावर दिसतात, आणि ज्याची बोट बंदरापासून दहा मैलांत आहे त्याला ते दिवस पुरतात.

सप्टेंबरला आलात तर अथेन्सहूनच निघा, पण सायक्लेड्सकडे न जाता सरोनिक आखातात. माझ्या डोक्यात तुमचा आठवडा असा आहे. शनिवारी बोट ताब्यात घ्यायची आणि मरीनातच झोपायचं, लगेच निघायचं नाही. रविवारी एजिना बेट, १६-१७ मैल, दक्षिण टोकाला पेर्दिका नावाचं मच्छीमारांचं गाव. एजिनाचे पिस्ते घ्या, रस्त्यावर विकत असतात. सोमवारी पलीकडे एपिदाव्रोस. छोटं बंदर, चिखलाचा तळ, नांगर छान धरतो. तिथून टॅक्सीने प्राचीन नाट्यगृह बघायचं, तेवीसशे वर्षांपूर्वीचं, चौदा हजार माणसं बसतील एवढं. मंगळवारी मेथानाचं द्वीपकल्प वळसून पोरोस. तिथे धक्का लांबलचक आहे, पण समोरच्या सामुद्रधुनीत उथळ जागा आहेत, चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, उघडा ठेवून जायचं. बुधवारी एर्मिओनी. गुरुवारी परत पोरोस, शुक्रवारी उजाडताच निघून तीसेक मैल आलिमोस.

परतीचा टप्पा उत्तरेला आहे हे लक्षात आलं असेल. म्हणून बुधवारी सकाळी पोरोसला असतानाच शुक्रवारचा अंदाज बघायचा. ६ दिसत असेल तर एर्मिओनी रद्द, गुरुवारी एजिनाला परत. मग शेवटचा टप्पा १६ मैलांचाच उरतो आणि पहाटे, वारा चढायच्या आत, उरकता येतो. मी मार्ग नेहमी शेवटाकडून आखतो. आधी शुक्रवार, मग गुरुवार. रविवार आपोआप ठरतो.

या यादीत हायड्रा नाही, तुम्हाला आश्चर्य वाटेल. बेट देखणं आहे, मोटारींना बंदी, सामान गाढवांवर. पण बंदर अगदी टीचभर. बोटी दोन-तीन रांगांत उभ्या राहतात आणि नांगरांच्या साखळ्या एकमेकींवर चढतात, हा तिथला रोजचा कार्यक्रम. सकाळी आपला नांगर उचलावा तर त्यावर दुसऱ्याची साखळी लोंबत येते. ती सोडवायची रीत अशी: नांगर पाण्याच्या वर येईपर्यंत उचलायचा, दुसऱ्याच्या साखळीखालून एक दोर ओवून दोन्ही टोकं आपल्या बोटीला बांधायची, मग आपला नांगर थोडा खाली सोडून त्या साखळीतून बाजूला काढायचा, आणि दोराचं एक टोक सोडून साखळी खाली जाऊ द्यायची. वाचायला सोपं आहे. दोन माणसांनी, आडव्या वाऱ्यात, शेजारच्या बोटीवरून दोघे-तिघे वेगवेगळे सल्ले देत असताना करायला नाही. बोट एर्मिओनीला ठेवा आणि हायड्राला फेरीने जा.

यावरून बोटीच्या आकाराकडे येतो. चार्टरच्या आठवड्यात नुकसान बहुतेक समुद्रात होत नाही, बंदरात शेवटच्या पन्नास मीटरमध्ये होतं. आपल्याकडे मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, म्हणून मांडव्याला शिकलेला माणूस आधी भरती-ओहोटीचं कोष्टक काढतो. भूमध्य समुद्रात ते जवळजवळ नाहीच, पाणी वीत-दीड वीत हलतं. (एव्हियाच्या खाल्किदाची सामुद्रधुनी सोडून. तिथला प्रवाह दिवसातून अनेकदा दिशा बदलतो, पण तुम्ही तिकडे जात नाही.) पाणी हलत नाही म्हणून तिथे बोटी धक्क्याला पाठ लावून, पुढे नांगर टाकून, खेटून उभ्या राहतात. ही पद्धत तुम्ही मुंबईत शिकला नसणार, कारण इथे ती वापरातच नाही. आणि तिथे ती रोज संध्याकाळी करावी लागेल.

म्हणून ४२ फुटी नको. तिची बाजू उंच, वारा तिला भिंतीसारखा ढकलतो. उलट्या गिअरमध्ये वेग कमी असताना तिचं नाक एकदा वाहायला लागलं की दोन माणसांच्या हातांनी थांबत नाही. ३४ ते ३६ फूट, गुंडाळीचं मेनसेल (मुख्य शीड), चालतं ऑटोपायलट (आपोआप सुकाणू धरणारं यंत्र), विजेवरचा विंडलास (नांगराची साखळी ओढणारा रहाट) आणि शक्य असेल तर बो-थ्रस्टर (बोटीचं नाक बाजूला ढकलणारा छोटा पंखा), एवढं मागा. ऑटोपायलट ही दोघांच्या बोटीवरची तिसरी व्यक्ती. तो बंद असेल तर बोट ताब्यात घेऊ नका, दुरुस्त करून मागा.

धक्क्याला लागताना मी कामं उलटी वाटतो. बहुतेक बोटींवर नवरा सुकाणूवर आणि बायको दोर घेऊन धावतेय, असं दिसतं. मी सुकाणू आणि गिअर वहिनींकडे देतो. त्याला ताकद लागत नाही, शांत डोकं लागतं. दोर फेकणं, शेजारच्या बोटीला ढकलून धरणं, धक्क्यावर उडी मारणं हे तुम्ही करा.

क्रम असा. सगळी तयारी बंदराच्या बाहेर, मोकळ्या पाण्यात. फेंडर (धक्के झेलणारे हवेचे फुगे) दोन्ही बाजूंना. मागचे दोन्ही दोर क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) पक्के, रेलिंगच्या बाहेरून फिरवून आत, गुंडाळी हाताशी. विंडलासचा वीजपुरवठा चालू, नांगर त्याच्या खाचेतून थोडा मोकळा. मग जागा निवडायची. आजूबाजूच्या बोटींच्या साखळ्या कोणत्या दिशेने गेल्यात ते बघायचं, आपली त्यांना समांतर पडली पाहिजे. धक्क्यापासून बोटीच्या तीन-चार लांबी अंतरावर नांगर सोडायचा आणि उलट्या गिअरमध्ये एकसारख्या गतीने मागे यायचं. साखळी सैलच सुटत राहिली पाहिजे. मध्येच अडखळली तर बोटीचं नाक ओढलं जाऊन ती तिरकी होते. बोटीच्या एका लांबीएवढं अंतर उरलं की साखळी धरायची, बोट थबकते. पहिला दोर वाऱ्याकडच्या बाजूचा, नेहमीच. तो धक्क्यावर अडकला की इंजिन हळू पुढे ठेवायचं, बोट त्या दोरावर तोलून उभी राहते. मग दुसऱ्या दोराला कितीही वेळ घ्या. शेवटी साखळी ताणून घ्यायची आणि इंजिन थोडं मागे मारून नांगर खरंच बसलाय का ते बघायचं.

यात कुठेही बिनसलं तर सोडून द्या, बाहेर जा, पुन्हा या. संध्याकाळी टॅव्हर्नात बसलेल्यांची ती करमणूकच असते, चिडू नका. ओरडायचं नाही, हाताच्या खुणा आधी ठरवून ठेवायच्या: पुढे, मागे, थांब, साखळी सोड, साखळी धर. पाच खुणा पुरतात. पहिल्या दोन दिवसांचा स्किपर मी म्हणतोय तो याचसाठी. त्याला सांगा, 'तू हात लावायचा नाहीस, आमच्याकडून करून घे.' दोन दिवसांत पाच-सहा वेळा धक्क्याला लागलात की तो फेरीने परत जाऊ शकतो. त्याचा रोज साधारण २०० युरो आणि जेवण, फेरीचं तिकीट वेगळं. दीड-दोन हजार युरोंचं डिपॉझिट वाचवण्याची ही सर्वांत स्वस्त युक्ती.

एखाद्या खाडीत नुसता नांगर टाकून राहायचं असेल तर तळाचा रंग बघा. गडद डाग म्हणजे समुद्री गवत. त्यात नांगर धरत नाही, शिवाय ते संरक्षित आहे. फिकट निळा-पांढरा भाग म्हणजे वाळू, तिथे टाका. खोलीच्या पाचपट साखळी, इंजिन मागे मारून ताण, आणि मग चष्मा लावून पाण्यात उतरून स्वतः बघून या. पाणी इतकं स्वच्छ असतं की नांगराचं टोक रुतलेलं दिसतं.

आता जो भाग सगळ्यांना वाचायला नको असतो. दोघांच्या बोटीवरून एक जण पाण्यात पडला, तर बोटीवर उरतो एकच. तुम्ही पडलात तर वहिनींना काय काय करता आलं पाहिजे? प्लॉटरवरचं (नकाशा दाखवणाऱ्या पडद्यावरचं) 'एमओबी', म्हणजे माणूस पाण्यात पडल्याची जागा नोंदवणारं, बटण दाबणं, हातात येईल ते तरंगणारं फेकणं, पुढचं शीड गुंडाळणं, पाण्यात दोर लोंबत नाही ना ते बघून इंजिन चालू करणं, बोट वळवून परत आणणं, आणि व्हीएचएफ रेडिओवरचं संकटाचं लाल बटण दाबून चॅनेल १६ वर बोलणं. ग्रीक तटरक्षकांचा फोन १०८, सगळ्या युरोपात चालणारा ११२. याची रंगीत तालीम पहिल्याच दिवशी करा. फेंडरला बादली बांधा, पाण्यात टाका, आणि तुम्ही कॉकपिटमध्ये (सुकाणूपाशी बसायच्या जागेत) हाताची घडी घालून बसा. वहिनींना बादली परत आणू द्या. मग माणूस वर कसा घ्यायचा तेही ठरवा. लाटा असतील तर मागच्या शिडीपाशी बोट आपटते, तेव्हा बोटीच्या मध्यावरून, शीड चढवायच्या दोराने, विंचवर (दोर ओढायच्या चरखीवर) ओढून घ्यावं लागतं.

हे सगळं अवघड आहे, म्हणून पडायचंच नाही. माझ्या बोटीवर नियम एकच: जो वर एकटा, तो बांधलेला. दुसरा खाली गेला की लाइफजॅकेटचा पट्टा कॉकपिटमधल्या कडीत अडकवायचा, ऊन असो, वारा नसो. मागच्या रेलिंगवर उभं राहून लघवी करायची पुरुषी सवय बोटीवर बंद.

वहिनींनी मुंबईत पाच दिवसांचा कॉम्पिटंट क्रूचा, म्हणजे बोटीवर हाताखाली काम करायला शिकवणारा, कोर्स करावा हे माझं ठाम मत. इथला हंगाम ऑक्टोबर ते मे. ग्रीसमध्ये बिनस्किपरची बोट घेताना एकाकडे ग्राह्य प्रमाणपत्र लागतं आणि दुसऱ्या प्रौढ व्यक्तीला बोटीचा अनुभव असल्याचं लिहून द्यावं लागतं. नसलेला अनुभव लिहून दिलात तर काही झाल्यावर विमा कंपनी सगळ्यात आधी तोच कागद काढेल. आणि कोर्सचा खरा फायदा असा की बोट लागते की नाही हे वहिनींना इथेच कळेल. लागत असेल तर सिनारिझिनची गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीपासून, आल्याची वडी खिशात, आणि मळमळ सुरू झाली की सुकाणू हातात घ्यायचं. क्षितिजाकडे बघत बोट चालवणाऱ्याला ती सहसा कमी लागते.

बोट ताब्यात घेताना दीड तास द्या. कंपनीचा माणूस घाईत असतो, तुम्ही नसायचं. त्याचं बोलणं फोनवर चित्रित करा, बोटीवरचा प्रत्येक जुना ओरखडाही. साखळी किती मीटर आणि खुणा कुठे, विंडलासचा फ्यूज कुठे, डिंगीचं (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं) इंजिन समोर चालू करून दाखवा म्हणावं, बिल्ज (बोटीचा तळ) कोरडा आहे का, जॅकेटं तुमच्या मापाची आहेत का, लाइफराफ्टची (जीवरक्षक तराफ्याची) तपासणीची तारीख, गॅसच्या बाटलीचा कॉक. कागद संडासात टाकायचा नाही, नाहीतर आठवडाभर पंप दुरुस्त करत बसाल. पाण्याची टाकी दोन-तीनशे लिटरची असते, दोघांना तीन-चार दिवस आरामात पुरते. शाकाहारी असाल तरी जेवणाचे हाल नाहीत: मोठ्या पावट्यांची भाजी, फाव्याचं (पिवळ्या डाळीचं) वरण, ब्रियाम म्हणजे भट्टीत भाजलेल्या भाज्या. सोबत पोहे आणि एक छोटा कुकर न्या, बस.

पैशांचं: ३६ फुटी बोटीला मोसमाप्रमाणे आठवड्याला दोन ते साडेतीन हजार युरो धरा. डिझेल, साफसफाई, बंदरांचे किरकोळ पैसे त्यावर. डिपॉझिट क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात, तेव्हा कार्डाची मर्यादा आणि परदेशी व्यवहारांची परवानगी निघण्याआधी बँकेकडून तपासून घ्या. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता बँकेला फोन लागत नाही.

शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा म्हणून बोटीचा करार आणि दोघांची नावं असलेली क्रू-लिस्ट जोडा, सुरुवातीच्या आणि शेवटच्या रात्रीचं हॉटेलही. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर संपतात. पण करारावर सही करण्याआधी कंपनीला तुमच्या प्रमाणपत्राची प्रत पाठवून 'हे बंदर अधिकाऱ्यांना चालेल' असं लेखी मागा. तोंडी 'नो प्रॉब्लेम'वर पैसे भरू नका. ते उत्तर, तारखा आणि वहिनींच्या कोर्सचं काय ठरलं हे कळलं, की लेफकाडा घ्यायचं की आलिमोस, ते सांगतो.